गाडी तटाबाहेर, आपण आत: टस्कनी-उम्ब्रियातली निवांत भटकंती

निघण्यापूर्वी

भाऊजींच्या पहिल्या यादीत रोमपासून व्हेनिसपर्यंत सगळं इटली होतं. रोज नवं हॉटेल, रोज सकाळी बॅगा भरायच्या, दोन-अडीचशे किलोमीटर कापायचे आणि संध्याकाळी पुन्हा बॅगा उघडायच्या. वहिनींनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "अहो, यात बसायचं कधी?" व्हेनिस तिथेच गळलं. मग फ्लॉरेन्स, मग पिसा. पिसाचं भाऊजींना जरा लागलं. शेवटी उरला टस्कनीचा दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेला उम्ब्रिया. मुक्काम चारच: ओर्व्हिएतो, पिएन्झा, सिएना आणि आसिसी. दिवसाला दोन तासांच्या वर गाडी चालवायची नाही, हे सगळ्यांनी कबूल केलं.

मोठी शहरं गाळण्याचं कारण सरळ आहे. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस रेल्वेनं जोडलेली आहेत आणि तिथे गाडी म्हणजे गळ्यातलं लोढणं. गाडी घ्यायची ती दोन गावांमधल्या रस्त्यासाठी. डोंगरावरचं एखादं सातशे वर्षांपूर्वीचं गाव, त्याच्याखाली द्राक्षमळे, वाटेत मनात येईल तिथे थांबणं, हे रेल्वेनं जमत नाही. पण गाव आलं की गाडी तटाबाहेर सोडायची आणि पायी वर जायचं.

हा केवळ आवडीचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. इथल्या बहुतेक जुन्या गावांच्या गाभ्यात 'झोना आ त्राफ्फिको लिमितातो' असतो, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मज्जाव. तिथे फाटक नसतं, हवालदार नसतो. लाल कडेचं पांढरं गोल चिन्ह आणि वर एक कॅमेरा, बस्स. तुम्ही आत गेलात हे तुम्हाला कळतही नाही. मग गाडी भाड्यानं देणारी कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवते, त्याबद्दल तुमच्याच कार्डावरून वेगळे पैसे कापते आणि काही महिन्यांनी खरा दंड घरी येतो. जितक्या वेळा आत शिराल तितके वेगळे दंड. हॉटेल तटाच्या आत असेल तर ते गाडीचा नंबर नोंदवून सवलत मिळवून देऊ शकतात, पण हे आधी विचारून लेखी घ्यावं. आम्ही राहायच्या जागाच कडेच्या निवडल्या.

कागदपत्रांत आपल्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, ते निघण्यापूर्वी आरटीओतून काढायचं. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावावर हवं, कारण अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी नाकारतात. आणि ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच सांगून ठेवावं, तिथे अजून गिअरच्या गाड्याच जास्त. उजव्या बाजूनं चालवताना डाव्या हाताला गिअर सापडेना, अशी अवस्था ज्यांना टाळायची आहे त्यांनी ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे मोजावेत. आम्ही मोजले. गाडी मात्र छोटी घेतली, चौघांत चार मध्यम बॅगा जेमतेम मावतील अशी. पुढे डोंगरातल्या गल्ल्या बघितल्यावर मोठ्या गाडीची हौस कोणाला उरली नाही.

पहिला दिवस: फ्युमिचिनो ते ओर्व्हिएतो

आदल्या संध्याकाळी रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरलो आणि जवळच झोपलो. लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच परक्या देशात उलट्या बाजूनं गाडी चालवणं हा शहाणपणा नव्हे, मग भाडं एक दिवस आधी सुरू झालं नाही म्हणून पैसे वाचतात हा वरचा फायदा. सकाळी गाडी ताब्यात घेतली. मी चारी बाजूंनी व्हिडिओ काढला, चाकांच्या रिमांसकट. काउंटरवरच्या मुलानं जास्तीचा विमा गळ्यात मारायचा तीनदा प्रयत्न केला. भाऊजी तीनदा गोड हसले.

रोमला वळसा घालून ए-१ महामार्गाला लागलो. टोलनाक्यावर पिवळी 'टेलेपास' लेन (पास असलेल्या गाड्यांची) सोडायची, बटण दाबून तिकीट घ्यायचं आणि ते जपायचं, कारण बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे भरावे लागतात. वेगमर्यादा १३०, पाऊस असेल तर ११०. 'ट्यूटर' नावाची यंत्रणा दोन कमानींमधला सरासरी वेग मोजते, त्यामुळे कॅमेरा दिसला की ब्रेक मारणाऱ्यांचं इथे काही चालत नाही. दीड तासात ओर्व्हिएतो. सपाट मैदानातून एकदम वर आलेला टफ दगडाचा कडा आणि त्याच्या माथ्यावर अख्खं गाव. गाडी खाली कांपो देल्ला फिएराच्या पार्किंगमध्ये लावली आणि सरकत्या जिन्यांनी कड्याच्या पोटातून वर गावात.

दुपारी जेवून बाहेर पडलो तर सगळं बंद. दीड ते साडेतीन-चार ही इथली विश्रांतीची वेळ, आणि तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. आम्हीही झोपलो.

दुसरा दिवस: ओर्व्हिएतो

इथलं कॅथेड्रल १२९० साली बांधायला घेतलं. बाजूच्या भिंती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, बसाल्ट आणि ट्रॅव्हर्टाइनच्या. दर्शनी बाजू सोनेरी, मोझेइकनं मढवलेली, पण खरी मजा खाली डोळ्यांच्या पातळीवर आहे: दाराच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर कोरलेलं सृष्टीची निर्मिती ते अंतिम निवाडा. आदामाच्या कुशीतून बरगडी काढताना देव अगदी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरसारखा वाकलेला आहे. आत सान ब्रित्झिओच्या देवळीत लुका सिन्योरेल्लीनं १४९९ ते १५०४ मध्ये रंगवलेली भित्तिचित्रं. मेलेले लोक जमिनीतून वर येतायत, कोणी नुसता सांगाडा, कोणाच्या अंगावर मांस आलंय, कोणी हातावर जोर देऊन खड्ड्यातून बाहेर पडतोय. डाव्या भिंतीच्या कोपऱ्यात काळ्या कपड्यांत स्वतः सिन्योरेल्ली उभा आहे, शेजारी त्याच्या आधी इथे काम सुरू करणारा फ्रा आंजेलिको. वहिनी त्या सांगाड्यांकडे बराच वेळ बघत होत्या.

पण माझ्या मते ओर्व्हिएतोला यावं ते विहिरीसाठी. १५२७ साली सम्राट चार्ल्स पाचव्याच्या सैन्यानं रोम लुटलं आणि पोप क्लेमेंट सातवा पळून या कड्यावर आला. वेढा पडला तर पाण्याचं काय, म्हणून त्यानं आंतोनियो दा सांगाल्लो धाकटा याच्याकडून ही विहीर खोदून घेतली. काम पुरं झालं १५३७ मध्ये, तोवर पोप वारला होता. विहीर ५३ मीटर खोल. तिच्या भिंतीत एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने आहेत, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. एका जिन्यानं खेचरं रिकामी उतरायची, तळाच्या पुलावरून पाणी भरायचं आणि दुसऱ्या जिन्यानं वर यायचं. वाटेत समोरासमोर येण्याचा प्रश्नच नाही. पायऱ्या बुटक्या आणि रुंद, खेचराच्या पावलाच्या मापाच्या. माणसाला दीड पाऊल पडतं. आतल्या बाजूला सत्तरेक खिडक्या. उजेड वरून येतो आणि खाली खाली विरघळत जातो. आम्ही उतरत असताना समोरच्या खिडकीत माणसं दिसत होती, ती आमच्याच उंचीवर होती पण वर चालली होती. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ, पण त्यांची नि आमची वाट कुठेही एक होत नाही. भाऊजी निवृत्त स्थापत्य अभियंता. ते वर येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत आणि वर आल्यावर जेवणापर्यंत थांबले नाहीत.

तिसरा दिवस: चिव्हिताहून पिएन्झाला

चिव्हिता दि बान्योरेज्जो ओर्व्हिएतोपासून वीसेक किलोमीटरवर. वर टफचा थर, खाली चिकणमाती. माती पावसानं वाहून जाते, वरचा दगड आधार सुटून ढासळतो. गाव असं शतकानुशतकं कडेकडेनं झिजत आलं आहे, १६९५ च्या भूकंपानं त्यात भर घातली. आता तिथे पायी जायच्या लांब पुलावरूनच पोचता येतं आणि त्यासाठी तिकीट आहे. आम्ही सकाळी लवकर गेलो म्हणून निभावलं. दहानंतर बसगाड्या येतात आणि मग त्या चिमुकल्या चौकात माणसांखेरीज काही दिसत नाही.

तिथून मोंतेपुल्चानोवरून पिएन्झा. वाल दॉर्चा, म्हणजे ओर्चा नदीचं खोरं, सुरू होतं ते इथे. एक गोष्ट स्पष्ट सांगते: फोटोंतलं ते मखमली हिरवं टस्कनी एप्रिल-मे महिन्यातलं असतं, सूर्यफुलं जून-जुलैत. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी गेलो होतो. गहू कधीच कापून झालेला, शेतं नांगरलेली, सगळे डोंगर तपकिरी आणि राखाडी. नवऱ्याचा थोडा हिरमोड झाला. मला उलट ते आवडलं. नांगराच्या रेघांमुळे जमिनीचा प्रत्येक चढ-उतार दिसतो, आणि सुरूची ती एकांड्या रांगेतली झाडं तपकिरीवर जास्त ठसठशीत उठतात.

चौथा दिवस: पिएन्झा आणि आसपास

आज फक्त पंचवीस-तीस किलोमीटर.

पिएन्झा म्हणजे एका माणसाची हौस. एनेया सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी १४०५ साली इथेच जन्मला, तेव्हा या खेड्याचं नाव होतं कोर्सिन्यानो. १४५८ साली तो पोप पायस दुसरा झाला आणि पुढच्याच वर्षी त्यानं आपल्या गावाचं आदर्श शहर करायला बेर्नार्दो रोस्सेल्लिनो या वास्तुकाराला कामाला लावलं. तीन-चार वर्षांत चौक, कॅथेड्रल, राजवाडा उभा. रोस्सेल्लिनोनं अंदाज दिला होता १८,००० डुकाटांचा (तेव्हाची सोन्याची नाणी), खर्च गेला ५०,००० च्या वर. पोपनं त्याला बोलावलं. बिचारा थरथरत आला, आणि पोप म्हणाला, खर्चाबद्दल खोटं बोललास ते बरं केलंस. खरं सांगितलं असतंस तर हे कधी उभंच राहिलं नसतं. वर १०० डुकाट आणि लाल झगा बक्षीस. ही हकिगत पोपनं स्वतःच लिहून ठेवली आहे. भाऊजी म्हणाले, "असा क्लायंट आम्हाला का नाही मिळाला?"

कॅथेड्रलचा मागचा भाग मात्र उताराच्या कच्च्या जमिनीवर आहे आणि बांधकाम चालू असतानाच त्याला तडे गेले होते. आजही वेदीकडे चालत गेलं की पायाला उतार कळतो. मी मुद्दाम दोनदा चालून बघितलं. शेजारच्या राजवाड्याच्या तीन मजली सज्ज्यातून खाली बाग, पलीकडे दरी आणि समोर आमियाता डोंगर.

दुपारी सान क्विरिकोच्या रस्त्यानं बान्यो व्हिन्योनी. या गावाच्या चौकात फरसबंदीच्या जागी गरम पाण्याचं कुंड आहे. त्यात उतरायला बंदी, पण गावाच्या कडेनं जिथे पाणी ओघळतं तिथे पाय सोडून बसता येतं. वहिनींचा "बसायचं कधी" हा प्रश्न इथे निकालात निघाला. तास-दीड तास कोणी हललं नाही.

संध्याकाळी पेट्रोल. हिरव्या दांड्याची 'बेन्झिना' म्हणजे पेट्रोल, 'गासोलिओ' म्हणजे डिझेल. 'सेर्व्हितो' लिहिलेल्या पंपावर माणूस भरून देतो आणि लिटरमागे जास्त घेतो. 'फाय दा ते' म्हणजे आपलं आपण.

पाचवा दिवस: सिएना

सांता कातेरिनाच्या पार्किंगमधून इथेही सरकते जिने थेट कॅथेड्रलच्या बाजूला आणून सोडतात. पार्किंगच्या रेषा एव्हाना पाठ झाल्या होत्या: पांढरी फुकट, निळी पैशांची, पिवळी रहिवाशांची. पांढऱ्या रेषेजवळही फलक वाचावा, कधी तासाची मर्यादा असते आणि मग काचेमागे पोचल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची चकती लावावी लागते.

पियात्झा देल कांपो हा चौक शिंपल्यासारखा उतरता आहे, विटांचा, पांढऱ्या दगडी पट्ट्यांनी नऊ भागांत वाटलेला. नऊ यासाठी की १२८७ ते १३५५ या काळात सिएनावर नऊ जणांच्या मंडळाची सत्ता होती. त्यांच्याच नगरभवनात आंब्रोजो लोरेंझेत्तीनं १३३८-३९ मध्ये चांगला आणि वाईट कारभार रंगवला. सभागृहात बसणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे राहावा म्हणून. चांगल्या बाजूला गवंडी घर बांधतायत, मुली फेर धरून नाचतायत, लादलेली गाढवं वेशीतून आत येतायत, आणि वेशीबाहेर कालच आम्ही पाहिलेले डोंगर, तीच शेतं. वाईट कारभाराचं चित्र ओलीनं खराब झालंय. एवढं सगळं नीट चाललं असताना १३४८ मध्ये प्लेग आला. सिएनाकर तेव्हा आपलं कॅथेड्रल इतकं वाढवायला निघाले होते की जुनी इमारत नव्याची नुसती आडवी बाजू ठरावी. ते काम कायमचं थांबलं. नव्या इमारतीची एक प्रचंड भिंत अजून उभी आहे, तिच्यावर चढता येतं. शहर बघायला नगरभवनाच्या मनोऱ्यापेक्षा ही भिंत मला उजवी वाटली, कारण इथून मनोराही दिसतो.

कॅथेड्रलच्या फरशीवरची संगमरवरी चित्रं वर्षातला बराच काळ झाकलेली असतात. आमच्या वेळी उघडी होती. तिथल्याच ग्रंथालयात पिन्तुरिक्यिओनं पायस दुसऱ्याचं चरित्र रंगवलंय, पिएन्झाचे तेच पोप. ओळखीचा माणूस भेटल्याचा आनंद झाला.

सहावा दिवस: व्होल्तेरा

सान जिमिन्यानो की व्होल्तेरा, यावर रात्री बराच खल झाला. सान जिमिन्यानोचे मनोरे प्रसिद्ध, पण गर्दीही तेवढीच. मतदानात व्होल्तेरा जिंकलं, तीन विरुद्ध एक. (एक म्हणजे भाऊजी. त्यांना जाताना मोंतेरिज्जोनीचा तट दाखवून शांत केलं. नरकातल्या राक्षसांना कवी दान्तेनं याच तटाच्या बुरुजांची उपमा दिली आहे.)

व्होल्तेरा उंचावर, वाऱ्यावर, जरा रुक्ष. रोमनांच्या आधीच्या एट्रुस्कन लोकांचं हे मोठं शहर. त्यांची 'पोर्ता आल्लार्को' ही वेस अजून वापरात आहे. कमानीवर तीन दगडी मुंडकी आहेत, वाऱ्यापावसानं इतकी झिजलेली की नाक-डोळे काही कळत नाहीत. १९४४ च्या जूनअखेर माघार घेणारं जर्मन सैन्य ही वेस सुरुंगानं उडवणार होतं. गावकऱ्यांनी रस्त्यातल्या फरशा उपटल्या आणि एका दिवसात सगळी कमान दगडांनी चिणून बंद केली, म्हणजे उडवायचं कारणच उरू नये. वेस वाचली. मी त्या कमानीखालची फरसबंदी हात लावून बघितली. यातले काही दगड तेव्हा वर रचलेले असतील.

ग्वार्नाच्ची संग्रहालयात एट्रुस्कनांचे शेकडो अस्थिकलश. झाकणावर मेलेला माणूस कोपरावर रेलून पंगतीला बसल्यासारखा. गावात अलाबास्टरच्या कार्यशाळा आहेत. एका ठिकाणी दार उघडं होतं म्हणून डोकावलो. कारागिराच्या भुवयांवर, रेडिओवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, सगळीकडे पिठासारखी पांढरी भुकटी. त्यानं एक पातळ वाटी उचलून बल्बसमोर धरली, दगडातून मधाच्या रंगाचा उजेड आला. वाटी आम्ही घेतली.

सातवा दिवस: त्राझिमेनो, पेरुजा, आसिसी

सगळ्यात लांबची रपेट, तीही दोन तासांच्या आतली. वाटेत त्राझिमेनो सरोवर. इ.स.पू. २१७ मध्ये धुक्यातून चालणाऱ्या रोमन सैन्याला कार्थेजच्या हॅनिबलनं डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या पट्टीत इथे गाठलं आणि कापून काढलं. आता पाण्याकाठी बदकं आणि आईसक्रीम.

पेरुजात फक्त जेवायला थांबलो, पण पार्किंगमधून वर जातानाच दिवस वसूल झाला. मिठावरच्या करावरून १५४० मध्ये शहरानं पोपविरुद्ध बंड केलं, ते चिरडून पोप पॉल तिसऱ्यानं बंडखोर बाल्योनी घराण्याच्या मोहल्ल्यावरच किल्ला बांधला. खालच्या गल्ल्या, घरं, चौक छताखाली गेले. आता सरकते जिने त्या गाडलेल्या गल्लीतून जातात. एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी घेतलेल्या बायका त्यातून रोज ये-जा करतात. उम्ब्रियातला पाव अळणी असतो तो याच मिठाच्या भांडणापासून, असं सांगतात. टस्कनीतही अळणीच होता, तेव्हा खरंखोटं त्यांचं त्यांना माहीत.

आठवा दिवस: आसिसी

सुबासिओ डोंगराचा गुलाबी दगड. संत फ्रान्सिस १२२६ साली वारले, १२२८ मध्ये त्यांच्या नावाच्या बासिलिकाचं काम सुरू झालं. गरिबीचं व्रत घेतलेल्या माणसासाठी एकावर एक दोन मजली चर्च, हा विरोधाभास पहिल्या पावलाला खटकतो. वरच्या चर्चमध्ये त्यांच्या आयुष्यातले २८ प्रसंग आहेत, परंपरेनं चित्रकार जोत्तोच्या नावावर. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात इथलं छत कोसळलं, पाहणी करणारे चौघे खाली गाडले गेले. चित्रांचे हजारो तुकडे वेचून, जुळवून पुन्हा छतावर बसवले. मान वर करून बघितलं की जिथे तुकडे सापडलेच नाहीत ती जागा रिकामी, फिकी ठेवलेली दिसते. खोटी भर घातलेली नाही.

गावाच्या चौकात मिनर्व्हाचं रोमन देऊळ आहे, दर्शनी खांब तसेच, आत चर्च. संध्याकाळी सहलीच्या बसगाड्या गेल्या की आसिसी त्याच्या रहिवाशांचं होतं. मुक्काम इथे ठेवण्याचं कारण तेच. दिवसा येऊन दिवसा परतणाऱ्यांना हे गाव भेटत नाही.

नववा दिवस: परत फ्युमिचिनोला

स्पेल्लोत कॉफी, उभ्यानं. टेबलावर बसलं की दर वाढतो. मग तेर्नी, ओर्ते आणि पुन्हा ए-१. गाडी परत करायच्या दिवशी मात्र दोन तासांचा नियम पाळणं जमत नाही, आणि रोमच्या वळणरस्त्यावर किती गर्दी लागेल याचा भरवसा नाही, म्हणून निम्मा दिवस हाताशी ठेवला. टाकी विमानतळाच्या अलीकडच्या पंपावर भरली आणि पावती ठेवली. गाडी देताना पुन्हा चारी बाजूंचा व्हिडिओ, शिवाय किलोमीटर आणि पेट्रोलच्या काट्याचा फोटो. चावी दिली आणि रोमला जायला विमानतळावरूनच रेल्वे पकडली. अर्ध्या तासात तेर्मिनी स्टेशन.